कीटकनाशकांचे शासकीय नियंत्रण

पिकांवरील कीड, रोग, तण व उंदीर यांच्या नाशासाठी वापरण्यात येणाऱ्या विषारी रसायनांची आयात, निर्मिती, वाहतूक, विक्री व वापर यांवर शासनाने कायद्याने घातलेले निर्बंध आणि ते अंमलात आणणारी यंत्रणा. भारतीय कायद्यात ‘कीटकनाशक’ ही संज्ञा व्यापक अर्थाने योजलेली असून तीत कवकनाशके, तणनाशके व कृंतकनाशके यांचाही अंतर्भाव होतो. प्रस्तुत नोंदीतही ती त्याच अर्थाने वापरली आहे.

उपयुक्त परंतु अपायकारक अशा वस्तूचे नियमन करताना शासनापुढे मुख्यत्वेकरून तीन मार्ग असतात. वस्तू बाजारात येण्यापूर्वी तिची परीक्षा घेणे हा पहिला, ती बाजारात असताना तिच्या विक्रीवर देखरेख ठेवणे हा दुसरा आणि अपाय निदर्शनास आल्यावर ती बाजारातून काढून घेणे हा तिसरा. वस्तू वापरणाऱ्याच्या प्रत्यक्ष कृतीवर नियंत्रण ठेवणे हा चौथा मार्ग होय. तो सर्वांत अवघड असल्यामुळे बहुतेक देशांत तो उपेक्षित राहिला आहे. औषधांच्या बाबतीत ही उणीव वैद्याच्या चिठ्ठीने काही अंशी भरून निघते. शेतीत वापरल्या जाणाऱ्या विषांच्या बाबतीत विक्रेता व वापरणारा यांच्यामध्ये असा कोणीही मध्यस्थ नाही. भारतातील कीटकनाशक नियंत्रणाचे बळ आणि त्यातील दुबळेपणा या दोहोंचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या उदाहरणावरून ते चांगले स्पष्ट होते.

गोदावरी, मांजरा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील हे दोन्ही जिल्हे प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचे आहेत. ज्वारी हे येथील पूर्वीचे मुख्य पीक. ज्वारीला फवारणी क्वचितच लागे. नांदेडमधील कापूस हे पीक मात्र आरंभापासून किडींचे माहेरघर ठरले आहे. १९९० नंतर ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. लातूर जिल्ह्यात सोयाबीन व तूर, तर नांदेड जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, हळद आणि अर्धापूर परिसरातील केळी अशी पीकरचना स्थिरावली. या बदलाबरोबर विषारी रसायनांचा वापरही बदलला. सोयाबीनवरील खोडमाशी, चक्रीभुंगा व पाने खाणाऱ्या अळ्या, तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यावरील घाटे अळी, कपाशीवरील मावा, तुडतुडे, फुलकिडे व बोंडअळ्या यांच्यासाठी हंगामात अनेकदा फवारणी करावी लागते. निंदणीसाठी मजूर मिळेनासे झाल्याने तणनाशकांचाही प्रसार झाला. ज्या गावात पूर्वी बियाण्याला चोळण्याच्या भुकटीखेरीज दुसरे रसायन येत नसे, त्या गावातील कृषी सेवा केंद्रात आता द्रव, भुकटी व दाणेदार अशा रूपांतील रसायने फळ्यांवर रचून ठेवलेली दिसतात.

कायद्याची पार्श्वभूमी : भारतात १९१४ चा विनाशी कीड व कीटक कायदा आणि १९१९ चा विष कायदा हे दोन कायदे ब्रिटिश काळापासून होते, परंतु पहिल्याचा रोख परदेशातून येणाऱ्या किडींवर व दुसऱ्याचा सर्वसाधारण विषांच्या ताब्यावर व विक्रीवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी व पॅराथिऑन यांसारखी संश्लेषित रसायने शेतीत आली तेव्हा त्यांना लागू पडेल असा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनमिश्रित पीठ खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे विष व खाद्यपदार्थ एकाच जहाजातून एकत्र आणले गेले होते. वाहतुकीतील एवढा साधा निष्काळजीपणाही कोणत्याही नियमाने निषिद्ध नव्हता. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाच्या व त्यानंतरच्या तज्ज्ञांच्या शिफारशींतून कीटकनाशक कायदा, १९६८ हा अस्तित्वात आला आणि नियम होऊन त्याची प्रमुख कलमे १ ऑगस्ट १९७१ पासून लागू झाली. दुर्घटना व तिच्यावरचा उपाय यांत तेरा वर्षांचे अंतर पडले. त्याच काळात हरितक्रांतीने या रसायनांचा खप अनेक पटींनी वाढविला होता.

पाश्चात्त्य देशांतही नियमन अनुभवाच्या मागूनच आले. अमेरिकेत १९४७ च्या संघीय कायद्याचा भर खरेदीदाराची फसवणूक टाळण्यावर होता. राशेल कार्सन यांचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर मानवी आरोग्य व पर्यावरण हे निकष पुढे आले, आणि १९७२ मध्ये तेथे डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली.

नोंदणी : १९६८ च्या कायद्याने केंद्रीय कीटकनाशक मंडळ ही सल्लागार संस्था व नोंदणी समिती ही निर्णय घेणारी संस्था स्थापन केली. कलम ९ अन्वये नोंदणी समितीने नोंदल्याखेरीज कोणतेही कीटकनाशक देशात आयात करता किंवा बनविता येत नाही. उत्पादकाने रसायनाची परिणामकारकता आणि माणसे व जनावरे यांच्या दृष्टीने त्याची निर्धोकता सिद्ध करावयाची असते. एखाद्या उत्पादकाने प्रथम नोंदणी मिळविल्यावर त्याच रसायनासाठी इतरांना त्याच अटींवर तुलनेने सहज नोंदणी मिळते. एकच रसायन अनेक व्यापारी नावांनी दुकानात आढळते त्याचे हे एक कारण होय. नोंदणी रसायनाची सरसकट नसते; ती विशिष्ट पीक, विशिष्ट कीड व विशिष्ट मात्रा यांसाठी असते. म्हणजे कपाशीवरील तुडतुड्यांसाठी नोंदलेले रसायन तुरीवर मारणे हा नोंदणीबाहेरचा वापर ठरतो. शेतात ही रेषा पाळली जात नाही. दोन-तीन रसायने व त्यांबरोबर वाढीचे ‘टॉनिक’ अशी मिश्रणे एकाच पंपात करण्याची पद्धत दोन्ही जिल्ह्यांत रूढ आहे. अशा मिश्रणाची विषाक्तता नोंदणी समितीसमोर कधीच तपासली गेलेली नसते. यांपैकी टॉनिके म्हणून विकली जाणारी द्रव्ये तर दीर्घकाळ ना कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत होती ना खत नियंत्रण आदेशाच्या. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजके या नावाने त्यांना नियमनाखाली आणण्यात आले.

वेष्टन व खूणपट्टी : १९७१ च्या नियमांनी प्रत्येक वेष्टनावर विषाक्ततेचा रंगीत चौकोन सक्तीचा केला. चौकोन कोनावर उभा असून त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. वर्गवारी मारक मात्रेवर, म्हणजे प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात त्या मात्रेवर आधारलेली असते. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास रसायन अत्यंत विषारी म्हणून लाल, ५१ ते ५०० असल्यास पिवळ्या, ५०१ ते ५,००० असल्यास निळ्या व त्याहून अधिक असल्यास हिरव्या वर्गात मोडते. लाल वर्गाच्या वेष्टनावर कवटी व हाडांचे चित्र असते. विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा यांची माहिती द्यावी लागते, आणि माहितीपत्रक इंग्रजी, हिंदी व त्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावे लागते.

हा नियम अक्षरशः पाळला गेला तरी त्याचा हेतू साधतोच असे नाही. लहान बाटलीसोबतच्या घडीपत्रकावर अनेक भाषांतील मजकूर बसविताना अक्षर इतके बारीक होते, की चांगली दृष्टी असलेल्या साक्षर माणसालाही ते वाचताना कष्ट पडतात. शिवाय फवारणी करणाऱ्याच्या हाती पत्रक पोहोचतेच असे नाही. बाटली मालक आणतो आणि पंप सालगड्याच्या किंवा रोजंदारीवरील मजुराच्या पाठीवर असतो. भाषेचाही प्रश्न आहे. कायदा ज्याला विष म्हणतो त्याला मराठवाड्यातील शेतकरी ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारणे’ हा तेथील नित्याचा वाक्प्रयोग होय. तो शेतकऱ्याच्या अज्ञानातून आलेला नसून पिकाच्या दुखण्यावरचा इलाज या अर्थाने आलेला आहे. विक्रेते व प्रचारकही तोच शब्द वापरतात. याउलट ‘एंड्रिन’ हे एका रसायनाचे नाव १९९० मध्ये त्यावर बंदी आल्यानंतरही ग्रामीण बोलीत जालीम विषाचे सामान्यनाम म्हणून टिकून राहिले.

विक्री व तपासणी : विक्रीसाठी कलम १३ अन्वये राज्य शासनाच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. साठा नोंदवही ठेवणे, दरफलक लावणे व ग्राहकास पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक असते. २०१५ च्या अधिसूचनेने विक्रेत्यास कृषी किंवा विज्ञान शाखेतील विहित शैक्षणिक अर्हतेची अट घालण्यात आली. आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना ती पुरी करण्यास मुदती देण्यात आल्या व त्या वाढविण्यात आल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने (मॅनेज) २००३ पासून विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. या अटीला अर्थ आहे; कारण गावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कृषी सेवा केंद्राचा चालक हाच पिकाचा डॉक्टर असतो. शेतकरी किडलेले पान किंवा शेंग खिशात घालून आणतो, काउंटरवर ठेवतो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन जातो.

या व्यवहाराला उधारीची बाजू आहे व तिचा नियमनावर फार मोठा परिणाम होतो. बी-बियाणे, खते व रसायने हंगामाच्या सुरुवातीला उधार घ्यावयाची आणि सोयाबीन किंवा कापूस आडतीवर गेल्यावर हिशेब चुकता करावयाचा, ही येथील रीत आहे. उधारीवर घेणाऱ्याला वाण निवडण्याचे स्वातंत्र्य फारसे नसते व पक्क्या पावतीचा आग्रह धरणे जड जाते. पावती नसली की कोणत्या गटाचे, कोणत्या दिनांकाचे, कोणत्या उत्पादकाचे रसायन घेतले हे सिद्ध करता येत नाही. रसायन बनावट निघाले किंवा पीक करपले तरी तक्रार पुढे सरकत नाही. कायद्याने ग्राहकाला दिलेले मुख्य साधन अशा रीतीने दुकानाच्या उंबऱ्यावरच राहते.

कीटकनाशक निरीक्षक म्हणून तालुका, पंचायत समिती व जिल्हा पातळीवरील कृषी अधिकाऱ्यांना अधिकार दिलेले असतात. त्यांना दुकानात प्रवेश करून तपासणी करता येते, कायद्याचा भंग आढळल्यास ठराविक दिवसांसाठी विक्री थांबविता येते आणि नमुना घेता येतो. नमुन्याचे तीन भाग करावे लागतात : एक ज्याच्याकडून घेतला त्याला, दुसरा विश्लेषकाला व तिसरा न्यायालयासाठी. ही पद्धत औषधविषयक कायद्यावरून घेतलेली आहे. विश्लेषकाचा अहवाल अमान्य असल्यास आरोपीला २८ दिवसांच्या आत आव्हान देऊन केंद्रीय प्रयोगशाळेकडून फेरतपासणी मागता येते. येथेच अनेक खटले कोसळतात. कीटकनाशकाचा टिकाऊ काळ साधारणतः दोन वर्षांचा असतो. नमुना, अहवाल, वरिष्ठांची संमती व फिर्याद यांत तो काळ निघून गेला तर फेरतपासणीचा हक्कच निरर्थक होतो आणि त्या कारणाने न्यायालये खटला रद्द करतात. किरकोळ विक्रेत्याने परवानाधारक उत्पादकाकडून किंवा वितरकाकडून माल घेतल्याचे, दोष आपल्याला माहीत नसल्याचे व माल नीट साठविल्याचे सिद्ध केल्यास कलम ३० अन्वये त्याला बचाव मिळतो. तो न्याय्यच आहे. मात्र मूळ उत्पादकाचा पत्ता परराज्यात असला, तर जिल्ह्यातल्या निरीक्षकाला त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. नांदेडची सीमा तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांना, तर लातूरची कर्नाटकाला भिडलेली आहे. देगलूर, बिलोली किंवा उदगीर येथील शेतकऱ्याला राज्याची सीमा ओलांडून खरेदी करणे हे बाजाराला जाण्याइतके साधे असते, परंतु निरीक्षकाचा अधिकार त्या सीमेपाशी संपतो.

वापर : कायद्याचे कलम ३८ हे कमी चर्चिले गेलेले, परंतु निर्णायक महत्त्वाचे कलम होय. स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहितीखालील जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्या व्यक्तीला हा कायदा लागू होत नाही, असे त्यात म्हटले आहे. हेतू उघड होता. कोट्यवधी शेतकऱ्यांना फौजदारी कायद्याच्या कक्षेत ओढणे शक्य व इष्टही नव्हते. मात्र त्यामुळे दुसरी गोष्ट घडली. संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रथमोपचार, वैद्यकीय तपासणी व कामगारांचे प्रशिक्षण यांविषयीचे १९७१ च्या नियमांतील प्रकरण कारखाने व फवारणीचा व्यवसाय करणाऱ्या संस्था यांच्यापुरते जिवंत राहिले. दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारा मजूर वस्तुतः या सवलतीच्या हेतूत बसत नाही, तरी व्यवहारात तोही संरक्षणाबाहेरच राहिला. उघडे हात, अनवाणी पाय, तोंडाला बांधलेला रुमाल हा त्याचा पोशाख. पावसाळी दमट हवेत रबरी हातमोजे व जाड अंगरखा घालून दिवसभर पंप वाहणे असह्य होते हेही खरे. समशीतोष्ण देशांत आखलेली संरक्षक साधने येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत.

मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त रसायने त्वचेवाटेही शरीरात शिरतात. ती तंत्रिकांमधील ॲसिटिलकोलीन-एस्टरेज या एंझाइमाचे कार्य बंद पाडतात. घाम व लाळ सुटणे, बाहुल्या आकुंचन पावणे, दृष्टी अंधुक होणे, उलट्या, स्नायूंची थरथर व शेवटी श्वसन थांबणे ही त्यांची लक्षणे होत. वेळीच रुग्णालयात पोहोचल्यास ॲट्रोपीन व प्रॅलिडोक्झिम यांचा उपयोग होतो. डॉक्टरांना रसायनाचे नाव कळणे उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. रुग्णाबरोबर रिकामी बाटली किंवा तिच्यावरील कागद आणला गेला तर उपचाराची दिशा लवकर ठरते. मिश्रण वापरले असल्यास हा प्रश्न बिकट होतो. अशा विषबाधेची नोंद ठराविक अधिकाऱ्याकडे करण्याची सक्ती कलम २६ अन्वये राज्य शासनाला करता येते.

बीटी कापूस व त्याची अट : वापरावर नियंत्रण नसल्याचा परिणाम रसायनांपुरता मर्यादित राहिला नाही, हे कापसाच्या इतिहासावरून दिसते. जनुकीय परिवर्तित वाणांचे नियमन पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालील १९८९ च्या नियमांनी होते. हा कायदा १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर झालेला असून ती दुर्घटनाही कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीत लागणाऱ्या वायूमुळे घडली होती. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला मारक प्रथिन निर्माण करणाऱ्या बीटी कापसाच्या संकरित वाणांना परवानगी मिळाली. परवानगीबरोबर एक अट होती : शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे, बिगर-बीटी कापसाचे क्षेत्र आश्रयपट्टा म्हणून ठेवावयाचे. तेथे वाढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या पतंगांशी संकर होऊन अळीत प्रतिकारशक्ती रुजण्यास विलंब लागावा, ही त्यामागील कल्पना. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीची वेगळी पुडी दिली जाई. अल्पभूधारकाला आपल्या दोन-तीन एकरांतील काही भाग जाणूनबुजून अळीला देणे परवडणारे नव्हते. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही, आणि पेरली की नाही हे पाहणारी यंत्रणा कोठेही नव्हती. अट कागदावर राहिली. शेंदरी (गुलाबी) बोंडअळी प्रथम एका व नंतर दोन्ही बीटी प्रथिनांना दाद देईनाशी झाली, आणि ज्या फवारण्या कमी करण्यासाठी हे तंत्र आले होते त्या परत सुरू झाल्या.

नांदेडचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने तयार केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण कोरडवाहू भागात दूरवर लोकप्रिय झाला होता. त्याच्यात बीटी जनुक घालून सार्वजनिक संस्थांनी सिद्ध केलेल्या वाणाला बिकानेरी नरमा या सरळ वाणाच्या बीटी रूपाबरोबर २००९ च्या सुमारास मान्यता मिळाली. परंतु या बियाण्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळल्याने तो उपक्रम अल्पावधीतच थांबवावा लागला. शेतकऱ्याला स्वस्त बियाणे मिळण्याची एक संधी त्यामुळे गेली. तणनाशक-सहिष्णू कापसाला तर मान्यताच मिळालेली नव्हती, तरी त्याचे बियाणे छुप्या मार्गाने महाराष्ट्रात पेरले गेले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली.

२०१७ ची दुर्घटना व तात्पुरती बंदी : २०१७ च्या खरिपात, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले व वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, दमट हवा, वारंवार फवारण्या, रसायनांची मिश्रणे व संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे पुढे आली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमण्यात आले. कलम २७ अन्वये राज्य शासनाला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रसायनाची विक्री व वापर ६० दिवसांपर्यंत, आणि तपास अपुरा असल्यास आणखी जास्तीत जास्त ३० दिवस थांबविता येतो. त्याप्रमाणे नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन संयुक्त रसायने यांच्या ठराविक रूपांवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत बंदी घालण्यात आली. तोवर फवारणीचा मुख्य हंगाम सरला होता.

या आदेशात नांदेड जिल्ह्याचा समावेश नव्हता. नांदेड व यवतमाळ यांच्यामध्ये पैनगंगा वाहते. अलीकडे हदगाव, हिमायतनगर, किनवट व माहूर आणि पलीकडे उमरखेडचा परिसर. दोन्ही तीरांवर काळी जमीन, तीच कपाशी, तीच कीड व फवारणीची तीच पद्धत आहे. उत्तर तीरावर जे विकणे गुन्हा ठरले ते दक्षिण तीरावर परवान्याने विकता येत होते. तात्पुरत्या बंदीचा आधार घटना घडल्याचे ठिकाण हा असतो, धोक्याचा विस्तार हा नसतो. ही त्या कलमातील मूळ मर्यादा होय. राज्याला कायमची बंदी घालता येत नसल्याने काही राज्ये हाच अधिकार पुनःपुन्हा वापरतात. उदा., पंजाबने बासमती भातात अवशेष राहू नयेत म्हणून २०२२ मध्ये दहा रसायनांची विक्री ६० दिवसांसाठी थांबविली.

कायमची बंदी : नोंदणी रद्द करण्याचा व कायम मनाईचा अधिकार केंद्र शासनाकडे आहे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये मागे घेण्यात आला, बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले. एंडोसल्फानच्या बाबतीत केरळातील कासरगोड येथील काजूच्या मळ्यांवर विमानातून झालेल्या फवारणीचे परिणाम अनेक वर्षे वादात राहिले. अखेर मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्याचे उत्पादन व विक्री थांबली. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या सदस्य राष्ट्रांनीही त्याचा त्याज्य रसायनांत समावेश केला. इतर देशांनी निषिद्ध केलेल्या, परंतु भारतात चालू असलेल्या ६६ रसायनांचा विचार करण्यासाठी २०१३ मध्ये अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार २०१८ च्या आदेशाने १८ रसायनांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. मोनोक्रोटोफॉसची कथा या प्रक्रियेच्या गतीची कल्पना देते. भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ मध्ये निषिद्ध झाला. परंतु तेच रसायन कपाशीसाठी दुकानात उपलब्ध असल्याने ती मनाई नाममात्र राहिली. त्याच्या ३६ टक्के द्रावणाच्या नोंदणीबाबत बंदीचा अंतिम आदेश २०२३ मध्ये निघाला, तोही साठा संपविण्याच्या मुदतीसह. २०२२ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावे असे ठरविण्यात आले. असे नियंत्रक खेड्यांत जवळजवळ नसल्याने या आदेशाचे शेतापर्यंतचे रूप काय, हा प्रश्न उरला.

बंदीमुळे उत्पादन घटेल अशी भीती उत्पादक व काही शेतकरी संघटना व्यक्त करतात. पर्यायी रसायने महाग पडतात हे खरे आहे. या संदर्भात श्रीलंकेचा अनुभव लक्षणीय आहे. तेथे १९९५ पर्यंत अतिविषारी वर्गातील रसायने व १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद करण्यात आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण पुढील दशकात जवळजवळ निम्म्यावर आले, आणि शेती उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. नापिकी व कर्ज यांनी ग्रासलेल्या मराठवाड्यात घरातील कोपऱ्यात ठेवलेली लाल खुणेची बाटली हा केवळ शेतीचा विषय नाही. कर्ज व नापिकी यांवरचे उपाय वेगळे आहेत आणि ते दीर्घ मुदतीचे आहेत. परंतु घरात असलेले विष किती जालीम असावे हे नोंदणी समितीच्या एका निर्णयाने बदलू शकते.

१९६८ चा कायदा बदलण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. २००८ व २०२० मध्ये कीटकनाशक व्यवस्थापन विधेयके राज्यसभेत मांडली गेली. दुसरे विधेयक नंतर संसदेच्या स्थायी समितीकडे सोपविण्यात आले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सदोष निविष्ठांबद्दल शेतकऱ्याला नुकसानभरपाई देण्याची तरतूद असलेली विधेयके विधिमंडळात मांडण्यात आली, तेव्हा विक्रेत्यांनी राज्यभर दुकाने बंद ठेवून विरोध केला. सीलबंद बाटलीतील दोषाची शिक्षा ती उघडूही न शकणाऱ्या दुकानदाराला का, हा त्यांचा प्रश्न होता.

रिकाम्या वेष्टनांविषयीही १९७१ च्या नियमांत तरतूद आहे : ती पुन्हा वापरता येणार नाहीत अशी फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. प्रत्यक्षात ती बांधावर, विहिरीच्या काठी किंवा ओढ्यात पडलेली दिसतात, आणि झाकण घट्ट बसणारे डबे धुऊन घरात तेल-पाण्यासाठीही ठेवले जातात. पावसाळ्यात बांधावरचे हे डबे ओढ्यांवाटे मन्याड, तेरणा व मांजरा या नद्यांच्या पाण्यात उतरतात.